टॅरोचा पत्ता वाचावा कसा? (सेव्हन ऑफ पेंटॅकल्स आणि शेजारच्या काकूंचा कापूस)

रानजाई
१६ नोव्हेंबर, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, सवड असेल तेव्हा वाचा.

मी दारव्ह्याकडची. गावात शिलाई मशीन आणि झेरॉक्स असं एकाच खोलीतलं दुकान आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मोबाइलवर बघून बघून टॅरोचा (भविष्य बघायच्या चित्रांच्या पत्त्यांचा) नाद लागला. मग एका ऑनलाइन क्लासला साडेतीन हजार भरले. हाती आली ती एक पीडीएफ. ७८ पत्ते, आणि प्रत्येकापुढं चार-चार शब्द. 'टॉवर: धक्का, पडझड, अहंकार, सत्य.' पाठ करा म्हणाले, पाठ केलं. २२ मेजर अर्काना (टॉवर, डेथ असे नावांचे मोठे पत्ते), ५६ मायनर (साध्या पत्त्यांसारखे), त्यांचे चार रंग (वाँड्स म्हणजे काठ्या, कप्स म्हणजे पेले, स्वोर्ड्स म्हणजे तलवारी, पेंटॅकल्स म्हणजे नाणी), प्रत्येक रंगात चौदा पत्ते. झोपेतून उठवून विचारा, सांगीन.

ब्लाउज टाकायला येणाऱ्या बाया हळूहळू विचारायला लागल्या. पैसे घेत नाही. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर वखरवाला भाऊ पहिल्याच प्रतिसादात धरतील.

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. शेजारच्या काकूंचं साडेतीन एकर कोरडवाहू. पहिला आणि दुसरा वेचा घरात येऊन पडलेला. पुढची खोली आढ्यापर्यंत कापसानं भरलेली, निजायला जागा नाही, लेकरांच्या अंगाला खाज. खेडा खरेदीवाला दारात येऊन भाव पाडून मागत होता. काकूंनी विचारलं, "इकू का थांबू वं?" मी पत्ते पिसले, त्यांच्याकडून काटून घेतले, एक काढला. सेव्हन ऑफ पेंटॅकल्स.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: एक तरणा माणूस लांब दांड्याच्या कुदळीवर हनुवटी टेकून उभा आहे. बाजूला हिरवं झुडूप, त्याला सोन्याची गोल नाणी लगडलेली, तो त्यांच्याकडे बघतोय. पीडीएफमधले शब्द होते: संयम, गुंतवणूक, वाट पाहणे, उशिरा फळ. मी म्हटलं, काकू, थांबा.

काकू थांबल्या. पौषात अवकाळी आला, पत्र्याच्या फटीतून पाणी उतरलं, खालचा थर पिवळा पडला. तेवढ्यात मुलीच्या नर्सिंगच्या फीची तारीख आली, ती व्याजानं काढून भरली. भाव वाढून वाढला तो क्विंटलमागं दीडशे. फेब्रुवारीत माल गेला तेव्हा पिवळ्याचे पैसे वेगळे कापले. काकू मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. पण माझ्या मशीनसमोरच त्यांचं दार आहे, आणि मी दिवसभर मशीनवर असते.

आता यंदाचा वेचा सुरू झालाय. मला विचारायचं ते हे, की चूक पत्त्याची, माझी, का असला प्रश्न पत्त्याला विचारण्याचीच? 'सगळं थोतांड' हे उत्तर मला ठाऊक आहे. ते द्यायचं तर द्या, पण सोबत आणखी काही द्या.

जाता जाता एक उपप्रश्न. फाइव्ह ऑफ पेंटॅकल्समध्ये बर्फ पडतोय. आमच्या बायांना बर्फ म्हणजे रसवंतीवरचा. त्यांना त्या बर्फाचं काय सांगू?

वखरवाला
१६ नोव्हेंबर, रात्री १०:२०

ताई, पैसे घेत नाई म्हनता म्हून माफ.

पन मले एक सांगा, कापसाचा भाव पत्त्याले कायले इचारता? भाव ठरते सरकी-ढेपीवर, बाहेर देशातल्या गाठीवर, अन् सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) सेंटरवर तुमची गाडी कधी लागते त्याच्यावर. यंदा २०२५-२६ ले लांब धाग्याचा हमीभाव ८११० हाय, मागच्या साली ७५२१ होता. आठ टक्क्याच्या वर ओलावा निंगाला का पैसे कापतेत, बाराच्या वर गेला का गाडी वापस. हे सारं काकूले सांगतलं असतं तं पत्ता काढाचं काम नोतं.

बाकी फोटोतला मानूस पायला. थो वाट पाहून नाई रायला. हनुवटी टेकून मानूस असा उभा रायते तवा थो हिशोब करते. खताचे किती गेले, फवाऱ्याचे किती, वेचाईचे किती, हाती किती. मी सोता धुऱ्यावर असाच उभा रायतो. बायको म्हनते, काय पऱ्हाटीले मोजून रायले का.

बदामसत्ती
१७ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

रानजाई, वखरवाल्यांनी अर्धं काम केलं बघा. त्यांना टॅरो येत नाही म्हणून त्यांनी चित्र पाहिलं. तुम्हाला शब्द पाठ होते म्हणून तुम्ही पाहिलं नाही. राग मानू नका, मीही पहिली तीन वर्षं असेच पत्ते वाचले.

तो पत्ता आत्ता हातात घ्या. नाणी कुठं कुठं आहेत ते मोजून इथे लिहा. मग पुढचं सांगते.

रानजाई
१७ नोव्हेंबर, सकाळी ७:४०

झुडपाला सहा.

थांबा. सातवं खाली आहे, त्याच्या पायाशी, जमिनीवर. पाच वर्षं हा पत्ता माझ्याकडे आहे हो.

बदामसत्ती
१७ नोव्हेंबर, दुपारी १:१५

स्वयंपाक आवरून बसले. आता निवांत.

सहा झाडाला, एक खाली. म्हणजे एक वेचा होऊन गेलाय. काकूंच्या घरात पडलेला कापूस झुडपावर नव्हता, तो पायाशी होता. तुम्ही 'थांबा' म्हणालात ते झुडपावरच्या सहांना लागू होतं, आणि काकू विचारत होत्या ते सातव्याबद्दल. मी असते तर म्हटलं असतं: काकू, या माणसानं एक नाणं तोडून ठेवलंय आणि सहा राखलेत. तुमची अशी कोणती गरज आहे जिला एक नाणं आत्ताच पाहिजे? फीचा विषय तिथंच निघाला असता. फीपुरता कापूस काटा करून टाकला असता आणि बाकीचा ठेवायचा का, हे त्यांनी त्यांचं ठरवलं असतं.

तेव्हा पहिली गोष्ट प्रश्नाची. 'इकू का थांबू' ला पत्ता उत्तर देऊ शकत नाही, कारण पत्त्यावर हो-नाही छापलेलंच नाही. कोणी असा प्रश्न आणला की मी पत्ते पिसायच्या आधी तो उलगडून घेते. 'थांबले तर मला काय सोसावं लागेल?' 'आत्ता विकलं तर कशाची हळहळ लागेल?' कधी कधी प्रश्न उलगडतानाच बाई म्हणते, राहू द्या ताई, समजलं. अशा वेळी पत्ते गुंडाळून ठेवायचे, चहा टाकायचा.

दुसरी गोष्ट पाहण्याची. पत्ता समोर आला की मी त्याचं नाव घेत नाही. आमच्या आजीला शेवटी दिसत नव्हतं, तिला टीव्हीवर काय चाललंय ते सांगावं लागायचं, तसं सांगते. कोण आहे, उभा की बसलेला, हातात काय, बघतो कुठं, आभाळ कसं, जमिनीवर काय पडलंय, मागं काय आहे. हे मोठ्यानं बोलायचं, समोरच्याला ऐकू जाईल असं. निम्म्या वेळा समोरची बाईच मधे बोट ठेवते, "हे काय आहे वं इथं?" तिनं जिथं बोट ठेवलं तिथून वाचन सुरू. तुमच्या पीडीएफमधले चार शब्द सगळ्यात शेवटी येतात, भाजीवर कोथिंबीर टाकावी तसे.

मग रंग. पेंटॅकल्स म्हणजे माती, तीत वावर, पैसा, अंग-काया सगळं आलं. कप्स पाणी, स्वोर्ड्स वारा, वाँड्स आग. आणि आकडा. सात हा आकडा चारही रंगांत अवघडून बसलेला असतो. कप्सच्या सातमध्ये माणूस ढगातल्या पेल्यांना भुललाय, स्वोर्ड्सच्या सातमध्ये एक जण पाच तलवारी कवटाळून पळतोय आणि दोन मागंच राहिल्यात, वाँड्सच्या सातमध्ये एकटा सहा काठ्यांना तोंड देतोय. पेंटॅकल्सचा सात त्यांचाच भाऊ. हे चौघे एकदा ओळीनं मांडून बघा, 'संयम' हा शब्द किती अपुरा आहे ते कळेल.

एकच पत्ता काढायची सवय असेल तर ती सोडा, निदान पैशाच्या प्रश्नाला. तीन काढा, ओळीत ठेवा, आणि कोण कोणाकडे बघतोय ते पाहा. हा कुदळवाला बघणाऱ्याच्या, म्हणजे तुमच्या, डाव्या हाताकडे बघतो. म्हणजे तो मधे आला तर त्याची नजर पहिल्या पत्त्यावर, होऊन गेलेल्यावर असते. तिसऱ्याकडे त्याची पाठ. तिसऱ्या जागी नाइट ऑफ पेंटॅकल्स आला तर मजा बघा: चारही घोडेस्वारांत ह्याचाच घोडा जागचा हलत नाही, आणि मागं नांगरलेलं रान पसरलेलं. एक मागं बघत उभा, दुसरा घोड्यावर बसूनही उभाच. तिथं मी 'थांबा' कशाला म्हणेन? आधीच दोघं थांबलेत.

आणि मन भरलं नाही म्हणून वर आणखी एक, आणखी एक पत्ता काढू नका. सोयरीक जुळेपर्यंत पत्रिका बदलत बसण्याचा तो प्रकार आहे.

संत्रावाडी
१७ नोव्हेंबर, दुपारी ३:३०

मस्त चाललाय धागा. मी वरुडचा, नवशिका. दोन शंका.

एक, टॅरोचा डेक घ्यायला पैसे नाहीत, घरातले ताशपत्ते चालतील का? (मायला कळलं तर मार बसेल. पोट्टा शिकून सवरून पत्ते पिसून रायला म्हणेल.)

दोन, आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सांगतात की हे पाच हजार वर्षं जुनं इजिप्तचं ज्ञान आहे. म्हणून त्याला धक्का लावायचा नाही, अर्थ जसेच्या तसे घ्यायचे. खरं का?

पुस्तककिडा
१७ नोव्हेंबर, सायंकाळी ६:४५

दुसरी शंका माझ्या वाट्याची. नाही, खरं नाही.

टॅरो पंधराव्या शतकात उत्तर इटलीत जन्मला, तोही खेळ म्हणून. साध्या पत्त्यांत हुकुमाचे जास्तीचे पत्ते घालून हात जिंकायचा खेळ. मिलानच्या व्हिस्कोंती आणि स्फोर्झा घराण्यांसाठी हातानं रंगवलेले पत्ते अजून शिल्लक आहेत. पुढची तीनेकशे वर्षं लोक मुख्यतः डावच खेळत होते. १७८१ साली कूर द जेबलँ नावाच्या फ्रेंच विद्वानानं लिहिलं, की हे इजिप्तच्या पुरोहितांचं गुप्त पुस्तक. त्या वेळी जगात कोणालाही इजिप्तची चित्रलिपी वाचता येत नव्हती. त्या लिपीची किल्ली ठरलेली रोझेटा शिळा सापडली १७९९ ला आणि शांपोलिऑन या फ्रेंच अभ्यासकानं कोडं सोडवलं १८२२ ला. म्हणजे बोर्ड वाचता येत नसताना एसटी कुठली ते सांगण्यासारखं. तरी ती थाप टिकली, आणि तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत आली.

आपण सगळे ज्या चित्रांवर बोलतोय ती तर १९०९ ची, लंडनची. आर्थर एडवर्ड वेटनं योजना केली, चित्रं काढली पामेला कोलमन स्मिथनं. पत्त्याच्या कोपऱ्यात तिची वळणदार सही असते, शोधा. मोठं काम आणि अगदी थोडे पैसे, असं तिनंच एका पत्रात म्हटलंय. १९५१ साली गेली तेव्हा डोक्यावर कर्ज होतं. तिच्या आधी मायनर पत्त्यांवर बहुधा नुसती मोजणी असायची, सात म्हणजे सात नाणी, माणूस नाही की झुडूप नाही. पंधराव्या शतकाच्या शेवटचा सोला बुस्का डेक हा ठळक अपवाद, आणि थ्री ऑफ स्वोर्ड्ससारखं चित्र तिनं तिथूनच उचललेलं दिसतं.

आता या धाग्यापुरती गंमत. वेटनं या पत्त्याचं जे वर्णन लिहिलंय त्यात सातही नाणी झुडपालाच आहेत. एक खाली पायाशी ठेवलं ते पामेलानं. म्हणजे नुसतं पुस्तक वाचणाऱ्याला सातवं नाणं दिसणारच नाही.

बदामसत्ती
१७ नोव्हेंबर, सायंकाळी ७:१०

हे मला माहीत नव्हतं. वा.

संत्रावाडी, ताशपत्ते चालतात. टॅरोतून २२ मेजर आणि चार नाइट काढले की बरोबर ५२ उरतात. बदाम म्हणजे कप्स, चौकट म्हणजे पेंटॅकल्स, इस्पिक म्हणजे स्वोर्ड्स, किल्वर म्हणजे वाँड्स, असं बहुतेक जण धरतात. पण चौकट सत्तीवर तुम्हाला माणूस दिसणार नाही, सगळा भार रंगावर आणि आकड्यावर. अवघड आहे, पण शिकायला चांगलं. आईला सांगा, रमी नाही, अभ्यास आहे.

वखरवाला
१७ नोव्हेंबर, रात्री ८:००

आमच्या गावात बी अभ्यासच चालते, पोलीस आले का पयतेत.

रानजाईताई, तुमचा बर्फाचा प्रश्न रायला. बर्फ नाई तं मे महिन्याची दुपार समजा. अनवानी पाय दोन्हीतबी सारखेच भाजतेत.

बदामसत्ती
१७ नोव्हेंबर, रात्री ८:२५

भाऊ, तुम्ही डेक घ्याच.

त्यात एवढंच घालते. त्या पत्त्यात दोघं आहेत, एक बाई अनवाणी, दुसरा कुबड्यांवर. त्यांच्या डोक्यावरच देवळाची खिडकी उजळलेली आहे आणि दोघांपैकी एकही मान वर करत नाही. मी तिथं विचारते, कोणतं दार तुम्ही न वाजवताच परत फिरलात? एक बाई म्हणाली, तहसीलचं. निराधारच्या पैशाचा अर्ज भरून पिशवीत घेऊन गेली होती, साहेब जेवायला गेले म्हणून परत आली, पुन्हा गेलीच नाही. अर्ज पिशवीतच होता, माझ्यासमोर काढून दाखवला.

पूर्णाकाठ
१८ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

जळगाव जामोदकडून राम राम. वाचताना सारखी आमच्या भेंडवळची आठवण येत होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी गावाबाहेरच्या शेतात घट मांडतात. गोलात अठरा धान्यं, मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्यानं भरलेली घागर, घागरीवर पुरी, पापड, कुरडई, करंजी वगैरे, खाली पानविडा. रात्री तिकडे कोणी फिरकत नाही. दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला जाऊन काय हललं, काय भिजलं, कोणतं धान्य सांडलं ते पाहतात आणि वर्षाचं भाकीत सांगतात. चंद्रभान महाराज वाघ यांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी सुरू केलं असं सांगतात.

तिथंही चिन्हंच वाचतात. विडा म्हणजे राजा, करंजी म्हणजे तिजोरी, मसूर म्हणजे शत्रू, पुरी म्हणजे पृथ्वी. पण दोन फरक आहेत. एक, अर्थ ठरलेले. मसूर यंदा शत्रू आणि पुढच्या वर्षी जावई, असं होत नाही. दोन, आणि हा मोठा: ते सगळ्या गावादेखत सांगतात. पेपरात छापून येतं. पाऊस चुकला तर सप्टेंबरात पारावर लोक बोलतातच. तुमचं वाचन दुकानात, दोघींत. चुकलं तरी कोणाला कळत नाही, आणि बरोबर आलेलंच तेवढं लक्षात राहतं. रानजाईताईंना काकूंचं दार दिसतं म्हणून हा धागा निघाला. नसतं दिसलं तर?

अनिसवाले आमच्याकडे दरवर्षी येऊन भाकितं तपासायचं आव्हान देतात. त्यावर गावात दोन मतं आहेत, मी पडत नाही.

धानबांधी
१८ नोव्हेंबर, सकाळी ११:००

पूर्णाकाठ यांच्या मुद्द्याला गणिताचा टेकू देतो. मी सिंदेवाहीकडे जिल्हा परिषद शाळेत शिकवतो, आमच्याकडे कापूस नाही, धान.

डेथचा पत्ता आला की लोकांचं तोंड उतरतं. ७८ पैकी तीन काढले तर तो येण्याची शक्यता २६ त एक. सेल्टिक क्रॉस नावाच्या मांडणीत दहा पत्ते मांडतात, तिथं जवळजवळ आठात एक. म्हणजे दुकानात आठ बाया आल्या तर सरासरी एकीसमोर तो सांगाडा पांढऱ्या घोड्यावरून येणारच. तसंच दहा पत्त्यांत दोन-तीन मेजर येणं नेहमीचंच, 'फार मोठ्या शक्ती कामाला लागल्यात' असं लगेच म्हणू नये. सहा-सात आले तर भुवया उंचावाव्यात, त्याही पिसणं नीट झालं होतं का हे पाहून.

दुसरं. बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९४८ ला आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुझं स्वभाववर्णन' म्हणून कागद दिला. पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले पोरांनी, इतकं तंतोतंत वाटलं. कागद सगळ्यांना एकच होता. 'तुम्ही बाहेरून खंबीर, आतून हळवे', असली वाक्यं. मी दहावीच्या वर्गात करून पाहिलं, आमची पोरंही फसली. एक पोरगी तेवढी म्हणाली, "सर, हे तं माया बकरीलेबी लागू हाय."

तेव्हा वही ठेवा. तारीख, प्रश्न, पत्ते, तुम्ही काय म्हणालात, सहा महिन्यांनी काय झालं. 'सगळ्यांना लागू पडेल' असं एखादं वाक्य तोंडातून गेलं की वहीत त्यापुढं 'बकरी' लिहा.

संत्रावाडी
१८ नोव्हेंबर, दुपारी १२:१०

बकरी हा शब्द आता कायमचा. पण उलट्या पत्त्यांचं काय? मला तर वाटतं उलटा म्हणजे बरोबर विरुद्ध अर्थ.

बदामसत्ती
१८ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

विरुद्ध नाही. वेटनं उलट्यांचे अर्थ वेगळे दिलेत, कित्येक जण उलटे घेतच नाहीत, सरळ करून ठेवतात. मी घेते, पण अडकलेली मोट समजून. पाणी विहिरीत आहे, वर येत नाही. टेन ऑफ वाँड्समध्ये माणूस दहा काठ्यांचा भारा उचलून गावाकडे निघालेला असतो. उलटा आला तर भारा नाहीसा झाला असं नाही. काठ्या निसटतायत, आणि हा अजून घट्ट धरतोय. नवीन असाल तर पहिलं वर्ष सगळे सरळच ठेवा. ७८ चित्रं एकेक करून नीट बघायची तेवढ्यातच दमायला होतं.

पुस्तककिडा
१८ नोव्हेंबर, दुपारी १२:५५

उलटा पत्ता हा एतेयासारख्या धंदेवाईक भविष्यवाल्यानं रुळवलेला प्रकार आहे, माझं मत त्याविषयी चांगलं नाही. ७८ चे १५६ अर्थ केले की क्लासची फी दुप्पट करता येते.

आशाताई_गावची
१८ नोव्हेंबर, रात्री ९:३०

मी नुसती वाचणारी, पण आज लिहिते. मी आशा स्वयंसेविका आहे, वाशीम जिल्ह्यात. टॅरो येत नाही.

रानजाईताई, तुमच्याकडे बाया येतात म्हणजे त्यांच्या घरचं पण येतच असेल. 'यांचं जेवणात लक्ष नाही', 'रात्रभर बसून राहतात', 'आता काय उरलं म्हणतात'. आपल्या भागात हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. तिथं तुम्ही काय करता? पत्ता काढता का?

रानजाई
१८ नोव्हेंबर, रात्री १०:४५

ताई, एकदा काढला होता. खोटं कशाला बोलू.

सोयाबीन गेलं त्या वर्षी एक बाई आली, नवऱ्याबद्दल असंच सांगत. नाइन ऑफ स्वोर्ड्स निघाला. बाई अंथरुणात उठून बसलीय, तोंड दोन्ही हातांत, मागच्या अंधारात नऊ तलवारी आडव्या. माझ्या तोंडून पीडीएफ निघायच्या आत ती म्हणाली, "हे मी आहो." नवऱ्याचा प्रश्न घेऊन आली होती आणि पत्त्यात स्वतःला बघत होती. मला पुढं काहीच सुचलं नाही. पत्ते तसेच टाकून तिच्यासोबत तिच्या घरी गेले, दिराला फोन लावला. तो रात्रीच निघून आला, दुसऱ्या दिवशी यवतमाळला डॉक्टरकडे नेलं. माणूस आज बरा आहे, परवा पॅन्ट अल्टर करून नेली.

आशाताई_गावची
१८ नोव्हेंबर, रात्री ११:०५

बरं केलं. पुढच्या वेळी पत्ता निघायच्या आधी उठा. १४४१६ हा टेली मानसचा (मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा) नंबर दुकानात भिंतीवर लिहून ठेवा, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात. फवारणीचं औषध घरात कुठं ठेवलंय ते विचारायचं आणि दुसऱ्याच्या घरी हलवायचं. आणि दुखणं, ताप, साप-विंचू यांचा प्रश्न आला तर पत्त्याला हातच लावू नका. साप चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्र-गंडे करणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे. तुम्ही तसं करणार नाही, पण गावात ताई पत्ते बघते एवढंच कळलं तर लोक आणतात.

वखरवाला
१९ नोव्हेंबर, सकाळी ६:१५

आशाताई, नंबर आमच्या कृषी केंद्राच्या पाटीखाली लिवाले सांगतो. तिथं सारेच येतेत.

बदामसत्ती
१९ नोव्हेंबर, सकाळी ९:००

माझ्याकडे एक नियम आहे, तो इथं सांगायचा राहिला. समोर नसलेल्या माणसाचा पत्ता काढायचा नाही. नवऱ्याचं, सासूचं, सुनेच्या पोटातल्या लेकराचं, कोणाचंच नाही. 'त्याच्या मनात काय आहे' ऐवजी 'मी त्याच्याशी कसं बोलू' असा प्रश्न असेल तरच. रानजाईच्या त्या बाईनं नेमकं हेच केलं, नवऱ्याच्या पत्त्यात स्वतःला पाहिलं. तिला आपल्यापेक्षा जास्त वाचता येतं.

रानजाई
२३ नोव्हेंबर, रात्री ९:१५

मंडळी, चार दिवस दुकानात लग्नाची घाई होती. आज सांगण्यासारखं झालं म्हणून आले.

वही केली. पहिल्याच पानावर मागच्या वर्षीचं काकूंचं लिहिलं: तारीख, पत्ता, माझं 'थांबा', आणि पुढं झालं ते सगळं. ते पान घेऊन आज संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. काकू ओसरीवर सरकी निवडत बसल्या होत्या. म्हटलं, काकू, माझं चुकलं होतं, मी पत्ता अर्धाच पाहिला होता. सातव्या नाण्याचं सांगितलं, वखरवाला भाऊंच्या हिशोबाचं सांगितलं, हमीभाव आणि ओलाव्याचे आकडे सांगितले. म्हटलं यंदा फीपुरता आधी काटा करा, बाकीचं सेंटरची नोंदणी करून बघू, मोबाइलवर मी करून देते.

काकू म्हणाल्या, "आन बरं थो पत्ता, पाहू दे."

हात पदराला पुसून दोन्ही हातांत धरला. बराच वेळ बघितला. डोळ्यांपासून लांब धरून, मग जवळ घेऊन. मला वाटलं आता नाणी मोजतील.

म्हणाल्या, "याच्या वावरात बाई कुठी हाय?"

मी म्हटलं, म्हणजे?

"हा उभा हाय दांड्यावर तोंड ठिवून. खालचं एक तोडलं कोनं? अन् हे सहा वेचन कोन, हा? याच्या कमरेले वटी कुठी हाय?"

(वटी म्हणजे कापूस वेचताना कमरेला बांधायची झोळी.) मला एवढं हसू आलं आणि मग हसू थांबलंच. काकूंच्या दोन्ही हातांची बोटं बोंडाच्या टोकांनी फाटलेली होती. यंदा वेचाईला बाया मिळत नाहीत, किलोला बारा रुपये मागतात, तेही वाहन पाठवलं तर, म्हणून काकू आणि मुलगी दोघीच वेचतायत. मुलगी कॉलेज बुडवून. हे त्यांनी मला मागच्या वर्षीही सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं.

वहीत काय लिहू ते कळेना, म्हणून त्यांचं वाक्य तसंच्या तसं लिहिलं. उद्या सकाळी दुकान बंद ठेवून त्यांच्या वावरात जातेय. तिसरा वेचा आहे.

पुस्तककिडा
२३ नोव्हेंबर, रात्री ९:४०

पामेलाला एवढा एक प्रश्न कोणी विचारायला हवा होता.

वखरवाला
२३ नोव्हेंबर, रात्री ९:५२

मी तं रोज त्या जागी उभा रायतो, मले बी नाई दिसलं.

ताई, काकूले इथं लिवाले आयडी काढून द्या. अन् उद्या वटी सुती बांधजा, नायलॉनची नोका बांधू, बोंडाले अटकते.